टाकी गळली... आता मासे ठेवायचे की नाही?



या आठवड्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र पार सुरकुतलेलं निघालं. शाई फुटलेली, कडा फुगलेल्या. वाटलं, पोस्टमनकाका पावसात भिजले असतील. पण पहिलीच ओळ वाचली आणि उलगडा झाला : ‘काका, पत्र भिजलंय त्याबद्दल सॉरी. वही फिशटँकच्या शेजारी होती आणि टँक गळतोय.’

पत्र लिहिणारी मैत्रीण सातवीत आहे. पुढे ती लिहिते, ‘आमच्याकडे पाच मासे आहेत. सध्या ते बादलीत आहेत. बाबा म्हणतात, आता पुरे झालं हे मासेप्रकरण. आई म्हणते, मासे दुकानात देऊन ये. दादा म्हणतो, नवीन टँक आणू. मला काय वाटतं ते मलाच कळत नाहीये. रोज बादलीत बघते आणि रडू येतं. तुम्ही सांगा ना, मासे ठेवू का नको?’

पत्र वाचलं आणि मी एकदम आठवीत जाऊन बसलो. कारण माझीही टाकी गळली होती. तीसुद्धा रात्री अडीच वाजता!

माझी फजिती

आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच. तिच्यात तीन गोल्डफिश आणि काचेला चिकटून राहणारा एक सकर. (एवढ्याशा टाकीत तीन गोल्डफिश म्हणजे एसटीच्या एका सीटवर तिघं! पण तेव्हा हे कळत नव्हतं.) दिवाळीची साफसफाई निघाली. टाकीमागची भिंत रंगवायची होती. मी नि माझ्या भावाने अक्कल चालवली. टाकी पूर्ण रिकामी कोण करत बसणार? अर्धं पाणी काढलं, दोघांनी दोन बाजू धरल्या आणि ‘हैश्या’ करून उचलून बाजूला ठेवली. रंग वाळला, टाकी परत जागेवर नेली. पुन्हा ‘हैश्या’!

चार दिवसांनी रात्री पाणी प्यायला उठलो तर पाय पचकन ओल्या सतरंजीवर पडला. दिवा लावायला भिंतीकडे हात नेला, तेवढ्यात आजी अंधारातूनच ओरडली, “बटणाला हात लावू नकोस!” तिने बाबांना उठवलं. बाबांनी कोरड्या जागेवर उभं राहून आधी मेन स्विच बंद केला. मग टॉर्चच्या उजेडात पळापळ सुरू. टाकीच्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची बारीक, केसासारखी धार लागली होती.

मी घाबरून टाकीतलं पाणी भराभर मोरीत ओतलं, बादली नळाखाली धरून भरली आणि चारही मासे तिच्यात सोडले. ‘वाचले बिचारे!’ असं म्हणून झोपलो.

सकाळी सगळ्यात छोटा गोल्डफिश उलटा तरंगत होता.

तो टाकी गळल्यामुळे मेला नव्हता. तो माझ्यामुळे मेला होता. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते चालतं, पण माशांच्या नाजूक कल्ल्यांना ते भाजून काढतं. जुनं, त्यांच्या सवयीचं पाणी माझ्याकडे होतं. तेच मी मोरीत ओतून दिलं होतं!

तेवढ्यात दारावर थाप. खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या छतावर ओलीचा मोठा नकाशा उमटला होता आणि पोपडे त्यांच्या पोळ्यांच्या डब्यात पडत होते. काकू म्हणाल्या, “अरे, मासे तुमचे, पण पाऊस आमच्याकडे!” त्या हसत होत्या. बाबा मात्र हसत नव्हते.

काच आणि पाण्याची कुस्ती

टाकी का गळते, हे समजायला थोडं गणित करू या. घाबरू नका, सोपं आहे!

दोन फूट म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर आणि एक फूट म्हणजे ३०. आता ६० × ३० × ३० = ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे नुसतं पाणीच ५४ किलो! त्यात काच आणि खडी धरा. तुमच्या टेबलावर जणू एक मोठा माणूस दिवसरात्र बसलेला आहे.

शिवाय पाणी नुसतं खाली दाबत नाही, ते भिंतींनाही ढकलतं. जितकं खोल, तितका दाब जास्त. ३० सेंटिमीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर ३० ग्रॅम दाब असतो, वर पृष्ठभागाशी शून्य. सरासरी झाली १५ ग्रॅम. समोरच्या काचेचं क्षेत्रफळ ६० × ३० = १,८०० चौरस सेंटिमीटर. १,८०० × १५ = २७,००० ग्रॅम. म्हणजे पाणी समोरच्या काचेला २७ किलोच्या जोराने बाहेर ढकलत असतं! उंची दीड फूट केली, तर हाच जोर साठ किलोच्या वर जातो. म्हणून उंच टाकीला जाड काच लागते.

करून पाहा : प्लॅस्टिकच्या बाटलीला एकाखाली एक अशी तीन भोकं मोठ्या माणसाकडून पाडून घ्या. बाटली पाण्याने भरा आणि बाथरूममध्ये स्टुलावर ठेवा. सगळ्यात लांब धार कुठल्या भोकाची जाते? खालच्या! गळती बहुधा खालच्या सांध्यात जास्त जोर का धरते, ते डोळ्यांनी दिसेल.

या २७ किलोंना अडवून कोण धरतं? दोन काचांमधली सिलिकॉनची एक रबरासारखी पट्टी. ती चिवट असते, पण टाकी पाण्यासकट उचलली की काचा किंचित पिरगळतात आणि पट्टी काचेपासून सुटायला लागते. आमचं ‘हैश्या’ म्हणजे नेमकं हेच होतं. टाकीखाली राहिलेला एखादा खडाही काच तडकवू शकतो. म्हणून टाकीखाली थर्मोकोलची शीट घालतात आणि टेबल सपाट आहे ना, हे गवंडीकाकांच्या पाणसळीने बघून घेतात.

खरंच गळतेय का? आधी तपास करा

टाकीखाली पाणी दिसलं म्हणजे टाकी फुटलीच, असं नाही. गुप्तहेर व्हा आणि संशयितांची यादी करा.

पहिला संशयित एअर पंप. तो पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असला आणि वीज गेली, तर टाकीतलं पाणी नळीतून उलटं वाहत बाहेर येऊ शकतं. उपाय सोपा आहे. पंप टाकीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत एका दिशेनेच हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा.

दुसरा संशयित फिल्टर. त्याची नळी सैल असू शकते. तिसरे खुद्द मासे! गोल्डफिश खाण्यासाठी वर येऊन चांगलीच शिंतोडेबाजी करतात. चौथा संशयित म्हणजे काचेबाहेर धरलेला दमटपणा. पाणी गार आणि हवा दमट असली की काचेला घाम फुटतो.

हे सगळे निर्दोष सुटले, तर बाहेरून टाकी खडखडीत पुसा आणि चारी बाजूंना वर्तमानपत्राचे कपटे लावून ठेवा. जो कपटा आधी ओला होईल, त्याच्या वर शोधा. काचेवर पाण्याच्या पातळीशी खूण करायलाही विसरू नका. पाणी उतरत उतरत एका जागी थांबलं, तर भोक बहुधा त्याच उंचीवर असतं.

गळतेय! आता काय?

१. आधी वीज. पंप, दिवा, हीटर, सगळं मोठ्या माणसांकडून बंद करून घ्या. ओल्या हाताने बटण किंवा प्लग याला अजिबात हात लावायचा नाही. एरवीही वायर प्लगच्या खाली थोडी लोंबती ठेवावी. मग वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न शिरता खालीच ठिबकतं.

२. जुनं पाणी साठवा. साबण कधीही न लागलेली बादली किंवा टब घ्या. टाकीतलंच पाणी त्यात काढा आणि मासे त्यातच सोडा. माझी चूक तुम्ही करू नका. नवं पाणी घालायची वेळ आलीच, तर क्लोरीन मारणारं औषध माशांच्या दुकानात मिळतं, ते घालून थोडं थोडं मिसळा.

३. बादलीवर जाळी. घाबरलेला मासा उडी मारतो. पंप कोरड्या जागी, दुसऱ्या प्लगवर लावून हवा चालू ठेवा. बादली उन्हात नको.

४. फिल्टरचा स्पंज धुऊ नका, वाळू देऊ नका. तो दिसतो घाणेरडा, पण त्यात आपले अदृश्य सफाई कामगार राहतात. माशांच्या शी-शूतून विषारी अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने खूपच कमी त्रासाचं. हे कामगार नव्या टाकीत पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना वाचवलंत, तर निम्मी लढाई जिंकलीत. स्पंज बादलीत माशांबरोबरच ठेवा.

५. खायला अगदी कमी. मोठे, धडधाकट मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. पण उरलेलं अन्न कुजलं की बादलीचं पाणी लगेच बिघडतं. रोज थोडं पाणी बदलत राहा.

आणि हो, खालच्या मजल्यावर जाऊन सांगून या. त्यांना छत ओलं झाल्यावर कळण्यापेक्षा आधी तुमच्याकडून कळलेलं बरं!

दुरुस्ती : कधी करावी, कधी नको

काचेलाच तडा गेला असेल, तर त्या टाकीत पुन्हा पाणी भरायचं नाही. तडा सावकाश पसरतो आणि एक दिवस दगा देतो. त्या टाकीच्या कडांना पट्टी लावून घ्या आणि तिच्यात काचबाग करा. शेवाळ, नेची, छोटी झाडं छान वाढतात.

टाकी लहान असेल आणि फक्त आतल्या सांध्याची पट्टी सुटली असेल, तर दुरुस्ती होऊ शकते. पण ब्लेडचं काम असल्यामुळे ती मोठ्यांनीच करायची. टाकी रिकामी करून कोरडी करायची, आतल्या सांध्यांवरचं जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं, काच स्पिरिटने पुसायची आणि नवी पट्टी सगळीकडे सलग ओढायची. फक्त गळतीच्या जागी ठिगळ लावून भागत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्यावर नीट धरत नाही. मात्र दोन काचांच्या मधलीच पट्टी उसवली असेल, तर टाकी जाणकाराकडून पुन्हा जोडून घ्यावी किंवा बदलावी.

दुकानात ‘मत्स्यालयासाठी चालणारं सिलिकॉन’ असं स्पष्ट विचारून घ्या. बाथरूमसाठीच्या काही सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारं औषध असतं. ते बुरशीबरोबर माशांनाही मारतं. लावलेलं सिलिकॉन हवेतली वाफ घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि तोवर त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कमीत कमी दोन दिवस हात लावायचा नाही, आठवडा थांबलात तर उत्तम. मग टाकी मोरीत किंवा गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवून नुसतं पाणी भरायचं आणि आणखी चार-पाच दिवस बघायचं. कागद कोरडा राहिला, तरच टाकी पास! पाणी काढून मगच ती घरात आणायची.

मोठ्यांच्याही टाक्या फुटतात

टाकी गळली म्हणून तुम्ही ‘ढ’ ठरत नाही. जर्मनीत बर्लिनमधल्या एका हॉटेलात ‘ॲक्वाडोम’ नावाचा भलामोठा गोल नळकांड्यासारखा जलस्तंभ होता. त्यात दहा लाख लिटर पाणी आणि सुमारे दीड हजार मासे होते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे तो फुटला आणि पाणी थेट रस्त्यावर आलं. त्यातले जवळजवळ सगळे मासे गेले. मात्र तळघरातल्या वेगळ्या टाक्यांमधले शेकडो मासे लोकांनी धावपळ करून वाचवले आणि दुसरीकडे हलवले. इतके तज्ज्ञ होते, तरी फुटण्याचं एक नेमकं कारण तपासात ठामपणे सांगता आलं नाही.

आणि ज्यांच्यामुळे ही काचेची टाकी आली, त्या झान व्हिलप्रो-पॉवर यांची गोष्ट तर ऐकाच. त्यांनी १८३२ साली सिसिली बेटावर समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या बनवून घेतल्या. पुढे त्यांचा संग्रह आणि कागदपत्रं नेणारं जहाज बुडालं आणि वर्षानुवर्षांचं काम समुद्रात गेलं. तरीही त्यांचं नाव शास्त्रात टिकलंच!

मग ठेवायचे की नाही?

आता मैत्रिणीच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. उत्तर मी देणार नाही. पण एक कागद घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं खरी खरी लिहा.

पाणी कोण बदलतं? मी, की आई? गेल्या महिन्यात मी किती वेळा पाणी बदललं? मला मासे बघायला आवडतात, की त्यांचं काम करायलाही आवडतं? नव्या टाकीचा आणि फिल्टरचा खर्च घराला झेपेल का? परीक्षेच्या दिवसांत आणि मे महिन्यात गावाला गेल्यावर त्यांच्याकडे कोण बघेल? गोल्डफिश नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षंही जगतो. आज तुम्ही सातवीत असाल, तर तेव्हा कॉलेज संपलेलं असेल! तेवढं निभावेल का?

बहुतेक उत्तरं ‘हो’ असतील, तर कागद बाबांना दाखवा. नुसत्या रडण्यापेक्षा तो कागद जास्त काम करेल. हवं तर पाचाऐवजी दोन-तीन छोटे मासे आणि कमी उंचीची टाकी, असा मधला मार्गही निघतो.

उत्तरं ‘नाही’ असतील, तर ‘नाही’ म्हणायलाही धीर लागतो. त्यात लाज कसली? मासे ओळखीच्या मत्स्यप्रेमीकडे द्या, दुकानदार घेतो का विचारा, शाळेच्या प्रयोगशाळेत टाकी असेल तर सरांशी बोला.

फक्त एक गोष्ट करायची नाही. ‘मोकळं सोडू या’ म्हणून मासे नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडायचे नाहीत. ती दया नव्हे. टाकीत वाढलेले बरेच मासे तिथे तगत नाहीत आणि जे तगतात, ते तिथल्या माशांच्या मुळावर उठतात. टाकीतला गरीब दिसणारा सकरच घ्या. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आज केरळातल्या पाण्यांत आणि कोलकात्याजवळच्या पाणथळ जागांमध्ये त्याने बस्तान बसवलं आहे. त्याच्या काटेरी कल्ल्यांनी... छे, चुकलो, काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात. असाच कोणीतरी कधीतरी ‘मोकळा’ सोडला असणार!

आणि माझं काय झालं?

बाबांनी मला रागावून काही सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “पाणी कोण बदलत होतं?” मी गप्प. कारण सहा महिने पाणी आईच बदलत होती. मी फक्त पाहुण्यांना मासे दाखवत होतो.

मी मासे थांबवायचं ठरवलं. उरलेले दोन गोल्डफिश आणि सकर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या टाकीत गेले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर त्या टाकीचं पाणी बदलायचं काम मी सरांकडून मागून घेतलं. पहिल्यांदा कंटाळा आला. मग कधी गोडी लागली, कळलंच नाही. दोन वर्षांनी दहावीची परीक्षा झाल्यावर घरात पुन्हा टाकी आली. यावेळी टेबलाला पाणसळ लावली ती मी, आणि पाणी बदललं तेही मीच. खालच्या काकू मुद्दाम बघायला आल्या. छताकडे बोट दाखवत म्हणाल्या, “यंदा पाऊस नको हं!”

तो छोटा गोल्डफिश अजून आठवतो. त्याने मला जे शिकवलं, ते तुम्हाला सांगितलं, एवढीच त्याची भरपाई.

पालकांसाठी दोन ओळी : टाकी गळल्याच्या दिवशी निर्णय घेऊ नका. फरशी ओली असताना सगळ्यांचाच पारा चढलेला असतो. मासे बादलीत सुरक्षित करा, आठवडाभर थांबा आणि मुलांना निर्णयात सामील करून घ्या. मासे ठेवले काय, दिले काय, सुरू केलेली गोष्ट जबाबदारीने कशी चालवावी किंवा कशी थांबवावी, हे मूल त्यातून शिकेल.

तर मैत्रिणी, तुझा कागद भरलास की मला जरूर कळव. आणि हो, पुढचं पत्र जरा कोरड्या जागी बसून लिही!

तुमचा,
काका